उस्तादांनी न सांगितलेले त्रेसष्ट वाक्प्रचार

माझ्या नावावर आयुष्यात एकच पुस्तक आहे. पातळ, पिवळ्या कव्हराचं. फारसी वाक्प्रचारांचं इंग्रजी भाषांतर. आत पाचशे वाक्प्रचार आहेत असं कव्हरवर छापलंय. त्यातले चारशे सदतीस फारसी आहेत. उरलेले त्रेसष्ट माझ्या आईचे आहेत. आई जाफराबाद तालुक्याच्या बाहेर उभ्या जन्मात तीनदा गेली, त्यातलं एकदा दवाखान्यात. इराण तिच्या वाटेत कुठं लागलं नाही.

ही गोष्ट कित्येक वर्षं फक्त माझ्या बायकोला माहीत होती. आता माझी सत्तरी उलटली आहे आणि हे लिहायला मला भाग पाडण्यात आलंय. कुणी पाडलं ते पुढं येईल.

१९८१च्या सुमारास मी जालन्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. म्हणजे विद्यार्थी गाइड वाचत आणि मीही गाइड वाचत असे. माझं गाइड जरा जाड होतं, एवढाच फरक. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागच्या एका गल्लीत उस्ताद राहायचे. निजामाच्या राज्यात ते शाळेत फारसी शिकवायचे. संस्थान गेलं, पाठोपाठ फारसीही गेली. मग त्यांना भूगोल दिला. तो त्यांनी असा शिकवला की दोन वर्षांनी काढून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना हजेरीपट सांभाळायला बसवलं. तरी गल्लीत त्यांचा मान मोठा. कुणाच्या घरात पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद निघाले, मोडी नाही, उर्दूही धड नाही, असले की लोक ते घेऊन उस्तादांकडं यायचे. बदनापूरहून, अंबडहून यायचे. उस्ताद कागद डोळ्यांना लावून वाचून दाखवायचे आणि वर त्या मेलेल्या कारकुनाच्या अक्षराला नावं ठेवायचे.

तरुणपणी ते हैदराबादला एका इराणी हॉटेलाच्या वरच्या खोलीत राहून शिकले. निम्मी फारसी त्यांना पुस्तकांनी शिकवली, निम्मी खालच्या गल्ल्यावरच्या इराण्यानं. त्यांचा भरवसा दुसऱ्या निम्म्यावर जास्त होता. त्या काळापासून त्यांनी एक वही ठेवली होती. कानानं ऐकलेला वाक्प्रचार, आणि त्याच्यापुढं तो कोण कुणाला बोललं ते. उदाहरणार्थ, दह्यातून केस ओढून काढणं, म्हणजे फार बारकाईनं चूक शोधणं. पुढं हिरव्या शाईत: मालक, बिस्किटं मोजून घेणाऱ्या वकिलाला. हत्तीच्या नाकातून पडलेला, म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा. पुढं: स्वयंपाकी, मालकाबद्दल, मालक बाहेर गेल्यावर.

म्हण मात्र वहीत एकही नव्हती.

"म्हणी नक्को, प्रोफेसर," ते म्हणाले. मी साधा लेक्चरर होतो, पण ते मला प्रोफेसर म्हणायचे, ते आदरानं की टोमण्यानं हे मला कधी कळलं नाही. "वो मरे हुए लोगां की बात है. मेरेकू जिंदा लोगां का बोलना होना."

आता फारसी ऐकणारंच कुणी राहिलं नव्हतं. मग निदान इंग्रजीत तरी ती वही राहावी, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी.

दर शुक्रवारी दुपारी नमाज झाली की आम्ही बसायचो. ते फारसीत बोलायचे, दखनीत समजावायचे, मी डोक्यात त्याचं मराठी करायचो आणि कागदावर इंग्रजी उतरवायचो. एवढ्या वळणांतून गेल्यावर वाक्याचा जीव शिल्लक राहायचा हेच नवल.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. "दस्त-ए-शुमा दर्द न कुनद," ते म्हणाले. तुमचा हात न दुखो. कुणी काही दिलं, केलं, की म्हणायचं. मी लिहिलं, थँक यू.

"क्या लिख्या?"

"थँक यू."

"बस्स? मैं हात बोल्या, दर्द बोल्या. दोनो कां गये?"

"उस्ताद, इंग्रजीत असं म्हणत नाहीत."

"न्हाई म्हणत तो आजसे म्हणिंगे. हात वापस लाओ."

हात परत आणला. एकदा ते म्हणाले, मी तुझं काळीज खाईन. मी विचारलं, हे कोण बोलतं, खाटीक? ते म्हणाले, आई. लेकराला, लाडानं. मी म्हणालो की आमच्या गावात असं कुणी म्हटलं तर पोलीसपाटील येईल. ते हसले आणि म्हणाले, "तुम्हारे गाँव में लाड करते बी क्या?" करत नसत, हे खरं होतं.

तीन वर्षं हे चाललं. माझ्या आयुष्यातल्या तीन वर्षांचे शुक्रवार मला आठवतात, बाकीचे वार सगळे एकसारखे गेले. आणि मग वही संपली. चारशे सदतीस.

माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली होती आणि पुस्तक नावावर असलं तर बरं, असं मला सांगण्यात आलं होतं. आमचे प्राचार्य हस्तलिखित चाळून म्हणाले, "चारशे सदतीस हा काय आकडा आहे का? एस.टी.च्या गाडीचा नंबर वाटतो. पाचशे करा." मी उस्तादांना विचारलं, अजून आठवतात का काही. ते म्हणाले, "जित्ते सुन्या उत्ते लिख्या. अब सुनाने वाला कौन है?"

उन्हाळ्याच्या सुटीत मी गावाकडं गेल्तो. माझा धाकटा भाऊ लिंबाखाली आडवा झाला होता. आई पाटीभर सरकी घेऊन त्याच्या अंगावरून गेली आणि म्हणाली, "सावलीला टेकून बसलास व्हय रे?" मी खाटेवरून उठून बसलो. उस्तादांच्या इराण्याच्या तोंडात हे किती शोभलं असतं! गंमत म्हणून लिहून ठेवलं. संध्याकाळी ती शेजारणीला म्हणाली की आमच्या थोरल्या जावेची बातच न्यारी, ती स्वतः चुलीत पाणी ओतून वर धूर कुठं गेला म्हणून विचारते. तेही लिहिलं. चार दिवसांत एकोणीस झाले.

"काय लिहून राह्यला रे?" आईनं विचारलं.

"तुझं बोलणं."

"माझं? मंग नीट बोलते की."

आणि दोन दिवस बाई इतकी सभ्य बोलली की माझं काम ठप्प झालं. तिसऱ्या दिवसापासून मी वही उशीखाली लपवली, तेव्हा तिचं तोंड पुन्हा मोकळं झालं.

सुटी संपेपर्यंत त्रेसष्ट झाले. जालन्याला येऊन मी त्यांना इराणी कपडे चढवले. म्हशीचा उंट केला. ज्वारीचा गहू केला. बाभळीच्या जागी सरूचं झाड लावलं. आईनं ज्याला त्याला घातलेल्या शिव्या धुऊन, वाळवून, इस्त्री करून मी ओळीत ठेवल्या. छापखान्यात फारसीचे खिळे नव्हते, त्यामुळं पुस्तकात फक्त इंग्रजीच जाणार होतं. मूळ दाखवा, असं कुणी म्हणायची सोय नव्हती. कोण कुणाला बोललं तो हिरव्या शाईचा मजकूरही जागा वाचवायला आम्ही आधीच गाळला होता.

राहिले उस्ताद. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची भीती होती. प्रुफं मीच त्यांना वाचून दाखवायचो, इंग्रजीची परत दखनी करून. आईचा पहिला वाक्प्रचार आला तसे ते थांबले.

"साये कू टेकके बैठना. ये मैं कब बोल्या?"

"बोलता बोलता. चहाच्या दुकानात. मी टिपून घेतलं."

"हौ?"

"हौ."

"अच्छी बात है," ते म्हणाले. "किसकी बात है ये?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

माझं पाप काय ते एवढंच आहे. आईचं बोलणं फारसी म्हणून खपवलं ही लबाडी होती, आणि लबाडीबद्दल मला फारशी लाज नाही. पण हे "हौ" मी त्रेसष्ट वेळा म्हणालो, एका म्हाताऱ्याच्या तोंडावर, ज्याला माझ्याशिवाय इंग्रजी वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

प्रकाशन थाटात झालं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक आदल्या दिवशी चाळलं असावं, कारण त्यांनी नेमकं सावलीला टेकणाऱ्याला उचललं. सावली म्हणजे हे जग, टेकणारा म्हणजे जीव, आणि लिंब नव्हता तरी त्यांनी झाडही आणलं आणि ते झाड म्हणजे परमेश्वर. सूफी विचारांची उंची यावर ते पाऊण तास बोलले. बायकांच्या रांगेत माझी बायको पदराचा बोळा तोंडात घालून बसली होती. शेजारच्या बाईंना वाटलं, तिला गहिवरून आलंय.

घरी आल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांना हार घातले. सासूबाईंचा तेवढा राह्यला."

"कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? पण त्या म्हाताऱ्याचं तोंड पाह्यलं का तुम्ही? पाहुणा बोलून राह्यला होता तवा?"

पाहिलं होतं. उस्ताद पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते. तो वाक्प्रचार पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटलं, आनंदानं. नंतर कळलं, ते आठवायचा प्रयत्न करत होते.

मला बढती मिळाली. तेही सांगून टाकतो.

दीड-दोन वर्षांनी उस्तादांच्या नावानं कॉलेजच्या पत्त्यावर एक इंग्रजी पत्र आलं. लिहिणारे गृहस्थ दूरच्या एका शहरात फारसीचे निवृत्त प्राध्यापक होते, इराणात राहून आलेले. पत्र अतिशय सभ्य होतं. पुस्तक आवडलं. मात्र पुढील क्रमांकांचे वाक्प्रचार कोणत्याही कोशात सापडत नाहीत आणि कधी ऐकलेही नाहीत, तरी कृपया आधार कळवावा. खाली एकसष्ट आकडे होते. त्या माणसानं दह्यातून एकसष्ट केस काढले होते. दोन निसटले. खोटं कशाला बोलू, त्या दोनांचा मला क्षणभर अभिमान वाटला.

ते पत्र मलाच वाचून दाखवायचं होतं. मला काहीही सांगता आलं असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शब्दाला शब्द, इमानदारीनं भाषांतर केलं. का, ते अजून कळत नाही. कदाचित उस्तादांनी मला पकडावं असं वाटलं असेल. ते चिडतील, म्हणतील, "प्रोफेसर, ये तुम डाल्या क्या?" मी हो म्हणायची तयारी करून बसलो होतो. शपथेवर सांगतो, तयारी होती.

उस्तादांनी पत्रातले आकडे मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "मैं बोल्या होंगा तो किससे सुन्या होंगा ना. याद नै आ रा."

त्यांच्या मनात माझा संशय आलाच नाही. त्यांना स्वतःचा आला.

त्यानंतर रोज सकाळी ते मुलीला वही वाचायला लावायचे. त्यांची मुलगी मुलींच्या एका शाळेत शिक्षिका होती, गल्लीत सगळे तिला आपा म्हणत, मीही म्हणायचो. ती शाळेत जायच्या आधी अर्धा तास वाचायची. चारशे सदतीस, त्याच्यापुढं काही नाही. मग ते म्हणायचे, शुरू से पढ. आपा त्यांना बदाम भिजवून द्यायला लागली. हकिमाचं चाटण आलं. सकाळी अनवाणी गवतावर चालायला सांगितलं, आणि जुन्या जालन्यात गवत कुठून आणायचं, म्हणून ते कब्रस्तानात जाऊन चालायचे.

मग कागदवाले परत जायला लागले. माझ्यासमोर एक जण बदनापूरहून आल्ता, पिशवीत आज्याचे कागद घेऊन. भावकीत वाद होता. एरवी भिंग धरून ते अजून एखादा कागद वाचून द्यायचे; याचा कागद उस्तादांनी हातातही धरला नाही. "औरंगाबाद जाओ भाई," ते म्हणाले. "मेरा भरोसा नको करू. मेरा दिमाग अब जो है नै वो बी पढता." तो माणूस माझ्याकडं पाहायला लागला. मी चपलेच्या अंगठ्याकडं पाहिलं.

आणि एका शुक्रवारी मी गेलो तर ते दारातच उभे.

"याद आया, प्रोफेसर!" त्यांनी माझा हात धरला. "साये वाली बात! वो हॉटल में पानी भरने वाला था, इस्फहान का, एक आँख का. मालिक उसकू बोल्या था. मेरे सामने. मैं जीने पे खडा था."

त्यांनी मला त्या माणसाचा सदरा सांगितला, जिन्याची कितवी पायरी ते सांगितलं. माझ्या आईचं वाक्य इस्फहानच्या काण्या माणसाला मिळालं होतं आणि म्हातारा आनंदानं माझा हात सोडत नव्हता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बराबर आहे, उस्ताद. हेच तुम्ही तेव्हा सांगितलं होतं."

त्या वर्षात त्यांना नऊ "आठवले". वहीत नसलेल्या उरलेल्या चोपन्नांसाठी ते झुरत राहिले. १९९०च्या पुढं दोन-तीन वर्षांनी ते वारले. मातीला गेलो तेव्हा गल्लीतले लोक म्हणत होते, माणूस विद्वान, पण शेवटी डोकं गेल्तं. पुस्तकात काहीबाही सांगून बसले बिचारे. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं काही झालं नाही. मी निवृत्त झालो, मधुमेह जडला, नातवंडं झाली. आणि एक दिवस आपा घरी आली. तीही शाळेतून निवृत्त झाली होती. बायकोनं चहा ठेवला.

"सर, एक विचारायचं होतं," आपा म्हणाली. "मी विसरून राह्यले आजकाल. गॅस चालू राहतो. परवा रिक्षात बसले आणि घरची गल्लीच सांगता येईना. डॉक्टर विचारतो, घरात कोणाला होतं का. मी हौ म्हटलं, अब्बांना होतं. तो म्हणतो, कसं सुरू झालं, काय काय विसरायचे, सगळं लिहून आणा. मी तर सकाळी शाळेत जायची. तुम्हीच असायचे त्यांच्यासोबत. सांगा."

तिच्या हातात वही आणि पेन होतं. मी बायकोकडं पाहिलं. तिनं चहाचा कप माझ्यापुढं आपटला.

"सांगा की," बायको म्हणाली. "विचारून राह्यल्या ना त्या."

मी सांगितलं. प्राचार्यांपासून कब्रस्तानापर्यंत. वेळ लागला, चहावर साय धरली. आपाची वही कोरीच राहिली. तिनं वही मिटून पिशवीत घातली.

"म्हणजे त्यांना काही झालंच नव्हतं."

"नाही."

"एकही नाही विसरले?"

"चारशे सदतीसमधला एकही नाही."

"मंग मी सात वर्षं बदाम कशाला भिजवले, सर?"

मी तो गार चहा एका घोटात संपवला.

"माझ्या बापाच्या तोंडात तुमच्या आईच्या शिव्या घातल्या," ती म्हणाली, "आणि वर तो माणूस रोज अल्लाकडं माफी मागायचा, की मी पुस्तकात झूठ बोललो. मी ऐकलंय माझ्या कानांनी."

मी रडलो असतो, पण बायको समोर होती आणि तिनं डोळे वटारले होते. रडून सुटायचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

पुढच्या शुक्रवारी मी पुस्तक घेऊन आपाकडं गेलो. तिनं बोलावलं होतं. ती एकेक क्रमांक वाचायची, मी "आई" किंवा "उस्ताद" म्हणायचो, आणि आईच्या आकड्यावर ती लाल पेन्सिलीनं गोल करायची. शाळेतल्या बाई, गोल अगदी सुबक यायचा. उंटाला आरसा दाखवणाऱ्या वाक्प्रचारापाशी तिला हसू फुटलं. "ही म्हैस होती ना?" म्हणाली. मी हो म्हणालो. ती पुन्हा गंभीर झाली आणि जरा जास्तच दाबून गोल केला. दुपार गेली. शेवटी म्हणाली, "छापून केलं ना? मंग आता छापूनच निस्तरा. मला एकटीला सांगून काय उपयोग? गल्ली तर अजून म्हणते, शेवटी डोकं गेल्तं."

डॉक्टरांकडं मी तिच्यासोबत गेलो. तिच्या सांगण्यावरून मी इंग्रजीत एक पानभर लिहून नेलं होतं: यांच्या वडिलांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत होती, मी साक्षी आहे. खाली सही. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"मागच्या वेळी तर तुम्ही म्हणाला होता की त्यांना सगळं विसरायला झालं होतं," ते आपाला म्हणाले. "मग त्यांना झालं काय होतं नेमकं?"

आपानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"दोस्त होता एक," ती म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी आनुवंशिकतेच्या रकान्यात रेघ मारली आणि रक्त तपासायला सांगितलं. तपासणीत थायरॉईडचा दोष निघाला. आपा गोळ्या घेते. रिक्षावाल्याला गल्ली बरोबर सांगते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं, आणि हे छापून आलं का, हेच ते काम असतं.

तर, ज्यांच्याकडं ते पिवळं पुस्तक असेल, त्यांनी त्यातली फारसी म्हणून फारशी मनावर घेऊ नये. सूफी तत्त्वज्ञान वाटेल तिथं माझी आई आहे असं धरून चालावं. आणि उस्तादांचं शेवटी डोकं गेलं होतं असं म्हणणारं कुणी अजून भेटलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा. मी दिवसभर घरीच असतो.